उसनें कवच आणि कमावलेलें कवच

एका मुलास गोवर आला कीं घरांतील वडीलधारीं माणसें प्रथम एकच चौकशी करितात : इतर भावंडांपैकीं कोणास तो येऊन गेला आहे आणि कोणास यावयाचा आहे? ज्यास येऊन गेला त्यास आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याची मोकळीक; ज्यास आला नाहीं त्याची रवानगी दुसऱ्या खोलींत. या रीतीमागें ग्रंथांचें पाठबळ नव्हतें. होता तो पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. हा अनुभव एकाच देशाचा नव्हे. इ. स. पूर्वीं ४३० मध्यें ग्रीस देशांतील अथेन्स नगरावर भयंकर सांथ कोसळली. थ्युसिडिडीज हा इतिहासकार स्वतः त्या रोगांतून उठला होता. त्यानें असें नमूद करून ठेविलें आहे कीं, आजाऱ्यांची खरी कींव बरे झालेल्यांसच येत असे, कारण आपणांस आतां भय नाहीं हें त्यांस ठाऊक होतें. तोच रोग त्याच माणसाचा दुसऱ्यानें प्राण घेत नसे.

याहून चोख पुरावा १८४६ सालीं मिळाला. उत्तर अटलांटिक समुद्रांतील फेरो बेटांवर त्या वर्षीं गोवराची सांथ आली. हीं बेटें एकाकी. तेथें गोवर यापूर्वीं १७८१ मध्यें येऊन गेला होता आणि मधल्या ६५ वर्षांत त्याचें दर्शनही झालें नव्हतें. सुमारें ७,८०० वस्तीपैकीं सुमारें ६,००० माणसें आजारी पडलीं. डेन्मार्कच्या सरकारनें धाडलेले पीटर पानुम नांवाचे तरुण डॉक्टर गांवोगांव हिंडले, तेव्हां त्यांस असें आढळलें कीं, ज्या वृद्धांस १७८१ मध्यें बालपणीं गोवर आला होता त्यांपैकीं एकासही तो पुन्हां आला नाहीं. त्यांच्याच वयाचे, परंतु त्या वेळीं सुटलेले, असे वृद्ध मात्र अंथरुणास खिळले. शरीर जें एकदां शिकलें तें ६५ वर्षें विसरलें नाहीं.

ही आठवण शरीरांत कोठें असते? तिचें रूप कोणतें? या प्रश्नाचा माग काढतां काढतां एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. रोगाविरुद्धचें हें कवच एका प्राण्यापासून घेऊन दुसऱ्यास उसनें देतां येतें. मात्र उसनें तें उसनेंच. उसनें कवच आणि कमावलेलें कवच यांतील अंतर मानवास कसें कळलें आणि त्यासाठीं काय किंमत मोजावी लागली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभ घटसर्पापासून होतो. आज घरोघरीं या रोगाचें नांवही क्वचितच निघतें. एकोणिसाव्या शतकांत तें उच्चारतांच आयांच्या तोंडचें पाणी पळत असे. मुलाचा घसा दुखूं लागतो, बेताचा ताप येतो, आणि दोन-तीन दिवसांत घशांत करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो. तो वाढत श्वासनलिकेंत उतरला म्हणजे मूल गुदमरतें. त्या संकटांतून निभावलें तरी सुटका झाली असें नाहीं; पापुद्रा गेल्यावर, मूल बरें होत आहे असें वाटत असतां, हृदय अकस्मात् बंद पडावें असाही प्रकार घडे.

१८८४ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख लोफ्लर यांनीं या रोगाचा जंतु वेगळा काढून वाढविला. त्या वेळीं त्यांस एक कोडें पडलें. जंतु सांपडत ते घशांतील पापुद्र्यांत. हृदय वगैरे दूरच्या इंद्रियांत त्यांचा मागमूस नसे, आणि नासधूस तर तेथेंही झालेली असे. चोर ओसरीवर बसलेला आणि तिजोरी माजघरांत फुटलेली, असा हा प्रकार! उलगडा १८८८ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत झाला. एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनीं जंतु वाढविलेलें द्रावण चिनीमातीच्या गाळणींतून गाळलें. गाळींत एकही जंतु उरला नव्हता. तरीही तें टोंचलेले प्राणी मेले. जंतु घशांत बसून विष तयार करितो आणि तें विष रक्तावाटे सर्वत्र पोंचतें, हें यावरून सिद्ध झालें. येर्सिन यांचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्यांची गांठ मुंबईंत पडावयाची आहे.

शत्रु विष आहे हें कळल्यावर प्रश्न उरला तो प्रतिविषाचा. त्याचें उत्तर बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेंत दोघां शोधकांनीं मिळविलें. एक एमिल बेहरिंग : तेरा मुलांच्या गरीब शाळामास्तराच्या घरांत जन्मलेले आणि फौजेच्या खर्चानें शिकून लष्करी डॉक्टर झालेले. दुसरे शिबासाबुरो कितासातो : जपानाहून विद्येसाठीं आलेले आणि १८८९ मध्यें धनुर्वाताचा जंतु प्रथमच शुद्ध स्वरूपांत वाढविणारे. धनुर्वातही घटसर्पाप्रमाणेंच विषाचा रोग आहे. जंतु जखमेंत राहतो आणि विष मज्जातंतूंस ग्रासतें.

त्यांचा प्रयोग सांगण्यास सोपा आहे. एका सशास थोडथोडें करून धनुर्वाताचें विष पचविण्यास शिकविलें. त्याचें रक्त काढून गोठूं दिलें आणि वर राहिलेलें पिवळसर निवळ पाणी, म्हणजे रक्तजल अथवा सीरम, कांहीं उंदरांस टोंचलें. दुसऱ्या दिवशीं या उंदरांस आणि रक्तजल न दिलेल्या दुसऱ्या उंदरांसही धनुर्वाताचे जंतु टोंचले. दुसरे सर्व उंदीर मेले. सशाचें रक्तजल मिळालेले मात्र जगले. जे उंदीर त्या विषाशीं कधींच झगडले नव्हते त्यांस सशाच्या झगड्याचें फळ आयतें मिळालें! ४ डिसेंबर १८९० रोजीं हा निबंध प्रसिद्ध झाला. एक आठवड्यानें बेहरिंग यांनीं घटसर्पासंबंधींही तसाच निष्कर्ष जाहीर केला. रक्तजलांतील ज्या अदृश्य द्रव्याचा हा गुण, त्यास आज प्रतिपिंड अथवा अँटिबॉडी म्हणतात. या अर्थाचा जर्मन शब्द १८९१ मध्यें बेहरिंग यांचेच सहकारी पॉल एर्लिख यांच्या लेखांत आला आणि तोच पुढें रूढ झाला.

प्रयोगशाळेंतील उंदीर वांचणें निराळें आणि घशांत पापुद्रा धरलेलें मूल वांचणें निराळें. मुलास पुरेल इतकें रक्तजल सशापासून मिळणें अशक्य होतें. अशा वेळीं घोडा उपयोगी पडला. घोडा मोठा, स्वभावानें गरीब, आणि त्याच्या मानेच्या शिरेंतून कित्येक शेर रक्त काढलें तरी थोड्या दिवसांत भरून येणारें. घोड्यास घटसर्पाचें विष आधीं अगदीं अल्प, मग चढत्या प्रमाणांत देत गेलें म्हणजे त्याच्या रक्तांत प्रतिपिंडें इतकीं दाटतात कीं त्या रक्तजलाचे थोडे थेंबही पुष्कळ विष निकामी करितात. परंतु एका घोड्याचें रक्तजल तीव्र तर दुसऱ्याचें सौम्य. त्यास माप नव्हतें तोंवर डॉक्टरांस मात्रा ठरवितां येईना. तें माप एर्लिख यांनीं बसविलें, आणि उसन्या कवचाचें खरें औषध झालें.

१८९४ सालीं पॅरिसच्या एका मोठ्या बालरुग्णालयांत रू यांनीं घोड्याचें रक्तजल येईल त्या प्रत्येक घटसर्पग्रस्त मुलास दिलें. आधींच्या वर्षांत तेथें अशा शंभर मुलांपैकीं पन्नासांहून अधिक दगावत. आतां पंचविसांच्या आंत दगावूं लागलीं. ते आंकडे त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत बुडापेस्ट येथील परिषदेंत रू यांनीं मांडले, आणि थोड्याच काळांत देशोदेशीं घोड्यांचे तबेले उभे राहिले. १९०१ मध्यें नोबेल पारितोषिक प्रथमच देण्यांत आलें, तेव्हां वैद्यकाचें पारितोषिक बेहरिंग यांस मिळालें. कितासातो यांस त्यांत वांटा मिळाला नाहीं, ही गोष्ट इतिहासास नमूद केलीच पाहिजे.

उसन्या कवचाचें खरें मोल काय, हें येथें समजून घेतलें पाहिजे. नव्या शत्रूशीं गांठ पडली म्हणजे शरीर स्वतःचीं प्रतिपिंडें करूं लागतेंच. परंतु तीं पुरेशीं तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. घटसर्पाचें विष तितकी वाट पाहत नाहीं. घोड्याचें रक्तजल मुलास हा मधला अवधि मिळवून देतें. त्यासही मर्यादा आहे. रक्तांत मोकळें फिरणारें विष प्रतिपिंडें पकडूं शकतात. जें एकदां पेशींत शिरलें तें त्यांच्या हातीं लागत नाहीं. म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या दिवशीं रक्तजल मिळालेलें मूल बहुधा वांचे, आणि पांचव्या दिवशीं आणलेल्या मुलापुढें डॉक्टर हतबल होत.

उसनवारीचे आणखी धोके लौकरच दिसून आले. अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं जिम नांवाचा एक घोडा होता. पूर्वीं तो गाडी ओढी. पुढें त्याच्यापासून घटसर्पाचें रक्तजल काढीत. १९०१ च्या शरदऋतूंत त्यास धनुर्वात झाला. परंतु तें लक्षांत येण्यापूर्वीं काढलेलें दूषित रक्तजल मुलांस टोंचलें गेलें. घटसर्पांतून वांचविण्यासाठीं ज्यांस तें दिलें त्यांतील १३ मुलें धनुर्वातानें मेलीं. या अनर्थानंतर १९०२ मध्यें अमेरिकेंत रक्तजलें आणि लसी यांच्या निर्मितीवर सरकारी देखरेखीचा कायदा झाला.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म होता, आणि शास्त्राच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद. रक्तजल शुद्ध असलें तरी तें दिल्यावर आठ-दहा दिवसांनीं कित्येक मुलांच्या अंगावर गांधी उठत, ताप येई, सांधे दुखत. व्हिएन्नांतील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनीं १९०५ मध्यें याचें मर्म उकललें. घोड्याचें रक्तजल मुलाच्या शरीरास परकेंच. तें त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडें तयार करितें, आणि त्या झटापटींत हीं लक्षणें उद्भवतात. उपकारकर्ता आणि घुसखोर हा भेद शरीर जाणत नाहीं. तें एवढेंच जाणतें कीं हा आपला नव्हे. परिणामीं उसनें कवच थोड्या आठवड्यांत झिजून नाहींसें होतें. पुन्हां तोच रोग आला तर मूल पहिल्याइतकेंच उघडें.

या सर्व काळांत दुसरा मार्गही चालू होताच. रोगाचा जंतु मारून अथवा दुबळा करून टोंचावयाचा आणि शरीरास स्वतःचें कवच स्वतः कमावूं द्यावयाचें, हा तो मार्ग. एडवर्ड जेन्नर यांनीं देवीविरुद्ध १७९६ मध्यें आणि लुई पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाविरुद्ध १८८५ मध्यें तो दाखविला होता. हे दोन्ही मार्ग एकाच शहरांत, एकाच रोगाविरुद्ध, एकाच वर्षीं कसास लागले. आणि तें शहर मुंबई होय.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत कामास लागले. प्लेगचे जंतु मांसरसांत वाढवून आणि उष्णतेनें मारून त्यांनीं लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती देण्यांत आली, आणि टोंचलेल्यांत रोगाचें प्रमाण न टोंचलेल्यांहून कमी आढळलें. मार्चमध्यें येर्सिन मुंबईस आले. घटसर्पाचें विष दाखविणारे तेच हे येर्सिन. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें प्लेगचा जंतुही त्यांनींच शोधून काढला होता. त्यांनीं घोड्यापासून केलेलें प्लेगचें रक्तजल बरोबर आणलें होतें. चीनमध्यें आदल्या वर्षीं थोड्या रोग्यांवर त्याचा गुण दिसला होता. मुंबईंत मात्र निराशाच पदरीं आली.

असें कां व्हावें? प्लेगचा जंतु घटसर्पाच्या जंतूप्रमाणें एका जागीं बसून केवळ विष सोडीत नाहीं. तो स्वतःच गांठींतून रक्तांत शिरतो आणि झपाट्यानें वाढतो. तो एकदां पसरल्यावर उसन्या प्रतिपिंडांचा तुटपुंजा सांठा अपुरा पडतो. हाफकिन यांची लसही पूर्ण निर्भय करीत नसे; परंतु ती रोगाच्या आधीं टोंचली जाई आणि शरीरास तयारीस वेळ मिळे. या मार्गावरही आघात झाला. १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलीतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. दोष लसीच्या घडणीचा नव्हे, बाटली गांवांत उघडल्यावर झालेल्या हयगयीचा होता, असें पुढें दिसून आलें आणि १९०७ मध्यें ते दोषमुक्त झाले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रतिपिंडें म्हणजे काय, आणि तीं नेमक्या शत्रूस ओळखतात कशीं? गोवराचें प्रतिपिंड देवीस उपयोगी पडत नाहीं. ज्या कुलपाची जी किल्ली तीच तेथें लागते. एर्लिख यांनीं असें सुचविलें कीं पेशीच्या अंगावर नाना आकारांच्या खुंट्या असतात. ज्या खुंटीस विष अडकतें त्या प्रकारच्या खुंट्या पेशी अतोनात निर्माण करिते आणि जास्तीच्या रक्तांत सोडते. ही कल्पना चतुर होती. पण कार्ल लांडस्टायनर यांनीं तिच्यापुढें एक अडचण उभी केली. निसर्गांत कधींच नसलेलीं, माणसानें प्रयोगशाळेंत बनविलेलीं रसायनें त्यांनीं प्रथिनांस जोडून प्राण्यांस टोंचलीं, आणि प्राण्यांनीं त्यांविरुद्धही अचूक प्रतिपिंडें तयार केलीं. जें कुलूप जगांत यावयाचें आहे त्याची किल्ली शरीराजवळ आधींपासून कशी असेल?

या अडचणीमुळें बहुतेकांस असें वाटूं लागलें कीं शरीर शिंप्याप्रमाणें वागत असावें. पाहुणा आला कीं त्याचें माप घ्यावयाचें आणि त्यास बेतशीर असें प्रतिपिंड शिवावयाचें. अमेरिकेचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनीं १९४० मध्यें याच मताचा पुरस्कार केला. परंतु शिंप्याच्या या दाखल्यानें फेरो बेटांवरील वृद्धांची आठवण उलगडत नाहीं. गिऱ्हाईक निघून गेल्यावर ६५ वर्षें तें माप कोण जपून ठेवतो?

उत्तर १९५७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नहून मॅकफार्लन बर्नेट यांनीं दिलें. शरीर हें शिंप्याचें नव्हे, तयार कपड्यांचें दुकान आहे. रक्तांत विशिष्ट पांढऱ्या पेशींचे अगणित प्रकार असून त्यांतील प्रत्येक पेशी एकाच नमुन्याचें प्रतिपिंड जाणते. शत्रु आंत आला कीं तो ज्या पेशीस नेमका बसतो तेवढीच जागी होते, एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढत जाते, आणि तिची संतति त्या एकाच नमुन्याचीं प्रतिपिंडें धडाक्यानें निर्माण करिते. युद्ध संपल्यावर बहुतेक पेशी मरतात; कांहीं मात्र वर्षानुवर्षें मागें राहतात. त्यांतील कांहीं अस्थिमज्जेंत बसून प्रतिपिंडें पाझरीत असतात; कांहीं निवांत राहून शत्रूची वाट पाहतात. पानुम यांनीं पाहिलेली ६५ वर्षांची आठवण ती हीच. एक पेशी एकच नमुना जाणते, या म्हणण्यास १९५८ मध्यें गुस्ताव्ह नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांच्या प्रयोगांनीं पुष्टि मिळाली.

इतके अगणित नमुने येतात कोठून, हें पुढें जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनीं १९७६ मध्यें स्वित्झर्लंडांतील बासेल येथें दाखविलें. प्रतिपिंडांचा आराखडा आईबापांकडून सबंध मिळत नाहीं; त्याचे सुटे तुकडे मिळतात, आणि प्रत्येक पेशी ते पत्त्यांप्रमाणें पिसून आपला निराळा डाव मांडते. थोड्या पत्त्यांतून कोट्यवधि डाव निघतात. म्हणूनच जगांत यावयाच्या कुलपाची किल्लीही बहुधा कोणत्या तरी पेशीजवळ आधींच असते. तत्पूर्वीं इंग्लंडांत रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेंत जेराल्ड एडेलमन यांनीं प्रतिपिंडाची घडण उकलली होती. मुलांच्या गलोलीच्या बेचकीसारखा त्याचा आकार असतो. बेचकीचीं दोन टोंकें शत्रूस धरतात; खालचा दांडा आपल्या सैन्यास खूण करितो.

या एका आकारांत एका जुन्या भांडणाचाही निकाल लागला. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनीं १८८२ च्या सुमारास तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत गुलाबाचा कांटा खुपसून, त्याभोंवतीं भटक्या पेशींचा गराडा पडतांना पाहिला होता. शरीराचें रक्षण या भक्षक पेशी करितात, हें त्यांचें मत. रक्तजल करितें, हें बेहरिंग यांच्या पक्षाचें. वाद वर्षानुवर्षें चालला. वस्तुतः दोघेही खरे ठरले. प्रतिपिंडें विषास विळखा घालून तें निकामी करितात, जंतूंस एकमेकांस जखडून त्यांचा पुंजका करितात, रक्तांतील पूरक नांवाच्या द्रव्यांस जागें करून जंतूचें कवच फोडवितात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जंतूच्या अंगावर बसून भक्षक पेशींस त्याची ओळख पटवितात. १९०८ चें नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह आणि एर्लिख यांस विभागून मिळालें, हें यथार्थच झालें.

इकडे घटसर्पाच्या बाबतींत उसन्याकडून कमावलेल्याकडे जाण्याचा रस्ता १९२३ मध्यें मोकळा झाला. पाश्चर संस्थेंतील गास्तों रामों यांस असें आढळलें कीं घटसर्पाचें विष थोड्या फॉर्मॅलिनसह उबेंत ठेविलें कीं त्याची मारकता नाहींशी होते. रूप मात्र तेंच राहतें. गारुड्यानें दांत काढलेल्या नागासारखा हा प्रकार. शरीर त्यास खरा नाग समजून प्रतिपिंडें तयार करितें, आणि पुढें खरा नाग आला तर त्यास सज्ज असतें. पण नवी विद्या सर्वत्र पोंचण्यास काळ लागतो. १९२५ च्या जानेवारींत अलास्कांतील बर्फानें वेढलेल्या नोम गांवीं घटसर्प उद्भवला, तेव्हां तेथील डॉक्टरांजवळ मुदत संपलेलें रक्तजल काय तें होतें. विमानांचा मार्ग बंद. अखेर २० गाडीवानांनीं सुमारें १५० कुत्र्यांच्या साह्यानें, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, जवळजवळ १,०८५ किलोमीटरांची वाट पांच-साडेपांच दिवसांत तोडून रक्तजलाच्या कुप्या पोंचविल्या. त्या पराक्रमाचें स्मरण अजून केलें जातें. त्या धांवेमुळें गांव वांचला खरा. परंतु तेथील मुलांस रामों यांची लस आधींच मिळाली असती तर त्या धांवेची गरजच उरली नसती.

हा धडा विसरल्यास काय होतें, तेंही जगानें पाहिलें आहे. सोव्हिएट संघराज्य मोडल्यावर तेथील लसीकरणाची घडी विसकटली, आणि १९९० ते १९९८ या काळांत त्या प्रदेशांत घटसर्पाचे दीड लाखांहून अधिक रोगी झाले. सुमारें ५,००० माणसें मेलीं. त्यांत प्रौढही पुष्कळ होते, कारण घटसर्पाविरुद्धचें लसीचें कवच कालांतरानें पातळ होतें आणि त्यास मधून मधून उजाळा द्यावा लागतो. आपल्या देशांत ही लस अर्भकांस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचीं असतां देतात. पुढें दीड-दोन वर्षांचीं, पांच-सहा वर्षांचीं, दहा आणि सोळा वर्षांचीं असतां पुन्हां टोंचतात. पहिल्या टोंचणीस पेशी जागी होते, पुढच्या टोंचण्यांस ती तरबेज होते. पहिल्या तीन मात्रा घेऊन पुढच्या टाळणें म्हणजे भिंत बांधून छपराच्या वेळीं गवंड्यास निरोप देणें होय. भारतांतून घटसर्प अद्याप गेलेला नाहीं. त्यावर लागणारें प्रतिविष आजही बहुतेक घोड्यांपासूनच काढतात आणि गरजेच्या वेळीं तें सहज मिळेल असा भरवसा नसतो.

२०२० मध्यें कोविडची महामारी आली, तेव्हां मुंबईचाच १८९७ चा प्रयोग निराळ्या वेषांत पुन्हां झाला. बऱ्या झालेल्या माणसांचा रक्तद्रव काढून आजाऱ्यांस द्यावा, अशी आशा साऱ्या देशांत पसरली. नातेवाईक दात्यांच्या शोधार्थ दारोदार फिरले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें देशांतील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर याची शिस्तशीर पारख केली, तेव्हां असें दिसलें कीं या उपायानें गंभीर आजाराकडे जाणाऱ्यांची अथवा मृत्यु पावणाऱ्यांची संख्या घटली नाहीं. पुढें लाखो लोकांस मरणाच्या दारांतून परत फिरविलें तें लसीनें, म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीरानें स्वतः कमावलेल्या कवचानें.

याचा अर्थ उसनें कवच निरुपयोगी, असा मुळींच नव्हे. सर्पदंशावर अजूनही घोड्याचेंच प्रतिविष प्राण वांचवितें. कुत्र्याच्या खोल चाव्यावर लसीच्या जोडीस तयार प्रतिपिंडें द्यावीं लागतात. १९७५ मध्यें केंब्रिज येथें जॉर्ज्स क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनीं एकाच नमुन्याचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं प्रयोगशाळेंत करण्याची युक्ति शोधली, आणि त्यांतून कित्येक रोगांवरील औषधें निघालीं. निसर्गानें स्वतःही उसनवारीचा मान राखला आहे. प्रत्येक मूल जन्मास येतें तें आईनें गर्भावस्थेंत दिलेलीं प्रतिपिंडें घेऊनच, आणि तिच्या पहिल्या पिवळसर दुधांतून आणखी मिळवितें. पण आईचीही ही देणगी कांहीं महिन्यांची. ती सरत असतां मुलानें आपलें कवच कमावण्यास लागावें, हीच सृष्टीची योजना; आणि लसीच्या तारखा त्या योजनेस धरूनच आंखलेल्या आहेत. शेजाऱ्याच्या घागरीवर एखादी रात्र निभावते. तहान लागण्यापूर्वीं आपल्या अंगणांत विहीर खणून ठेवणें हेंच शहाणपण. आणि ज्यांस अजून बोलतांही येत नाहीं त्यांची विहीर वेळेवर खणली जाते कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी घरांतील मोठ्यांचीच आहे.